अठरा वजा, अकरा वजा

पोराचे दात संपले, तिथून हे सगळं सुरू झालं.

संपले म्हणजे पडले नव्हते, यायचे थांबले होते. धाकट्याला दात येतात, दात येतात म्हणून तो कुरकुरतो, आणि कुरकुरताना त्याला आईची कूस लागते, या तीन विधानांवर शालूने एक वर्षाहून अधिक काळ रेटला होता. दोन्ही पोरांना घेऊन ती माजघरात सासूबाईंच्या शेजारी निजायची, आणि बसवंतराव आतल्या खोलीत एकटे, शाळेतल्या मुलांच्या वह्यांसोबत. शालू कोल्हापूरला इंटरपर्यंत शिकलेली. तर्कशास्त्रात तिला बरे मार्क होते. पण एका दुपारी अंबुबाईंनी नातवाला मांडीवर आडवा घेतला, त्याच्या तोंडात बोट घातलं आणि एकेक दात मोजला. सोळा भरले.

"ऱ्हायलेलं चार येतील तवा येतील," अंबुबाई म्हणाल्या. "त्यासाठनं आईनं कशाला जागायचं? आजपासनं पोरं माझ्यापाशी."

तर्कशास्त्राचा एवढा साफ पराभव शालूने कॉलेजात पाहिला नव्हता.

तिला नवऱ्याचं वावडं होतं असं मात्र कुणी समजू नये. बसवंतराव बेळगावच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. हातातून डस्टर पडलं तर डस्टरची माफी मागतील असा स्वभाव. शालूला ते फार आवडत, आणि अडचण नेमकी तीच होती. धाकट्याच्या वेळी ती बारा दिवस दवाखान्यात होती. रक्त थांबेना, म्हणून दोन दिवस तर डॉक्टरीणबाई घरी गेल्या नव्हत्या. निघायच्या दिवशी त्यांनी बसवंतरावांना व्हरांड्यात गाठून सांगितलं की पुढची तीन वर्षं मूल नको. त्याआधी झालं तर दोघांना घरी पाठवीन असा शब्द मी देणार नाही. खोलीचं दार उघडं होतं. बोललेलं नवऱ्याला ऐकू जावं आणि बायकोला जाऊ नये, अशी दारं अजून निघाली नाहीत. तेव्हापासून शालूचा जीव एकाच गोष्टीत अडकून होता. आपण नसलो तर थोरलीची वेणी कोण घालणार? थोरलीला दुसऱ्या कुणाचा हात केसांना चालत नसे.

म्हणून सोळावा दात मोजला गेला त्याच आठवड्यात ती धाकट्याच्या खोकल्याचं निमित्त काढून डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी खोकला ऐकला, मग खोकल्याशिवायचंही सगळं ऐकून घेतलं, आणि कपाटातून एक पातळसं इंग्रजी चोपडं काढून दिलं. औषध नाही, उपकरण नाही, शपथ नाही. मागच्या बारा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा मांडायच्या. दोन पाळ्यांमधला सगळ्यात आखूड फेरा घ्यायचा, त्यातून अठरा वजा करायचे. सगळ्यात लांब फेरा घ्यायचा, त्यातून अकरा वजा करायचे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजत गेलं की या दोन आकड्यांच्या मधले दिवस धोक्याचे, बाकीचे बिनधोक. अगदी हमखास नव्हे, बाईंनी बजावलं, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

बसवंतरावांचा चेहरा त्या संध्याकाळी दिव्यासारखा उजळला. सहा वर्षांच्या संसारात त्यांना येत असलेली गोष्ट त्यांच्याकडे पहिल्यांदाच मागितली गेली होती.

ते चोपडं त्यांनी शाळेत नेलं, निवांत वाचता यावं म्हणून. तेवढीच एक चूक झाली. बसवंतरावांचं घर शहापुरात, शाळा बेळगावात; चालत अर्धा तास. पण शहापूर सांगलीकरांच्या संस्थानात आणि बेळगाव इंग्रज सरकारात, त्यामुळे हा अर्धा तास चालणारा माणूस रोज दोनदा राज्य ओलांडायचा. मध्ये जकातीचा नाका. नाक्यावर त्या महिन्यात एक नवा कारकून आला होता आणि लढाईच्या दिवसांत आपल्या हातून काहीतरी मोठं पकडलं जावं अशी त्याची इच्छा होती. त्याने पिशवीतून चोपडं काढलं. आत अठ्ठावीस अठ्ठावीस ठिपक्यांच्या रांगा, काही पांढरे, काही काळे.

हे काय, म्हणून त्याने विचारलं. बसवंतरावांना खोटं बोलता येत नसे. बोलायला गेले की त्यांचे कान लाल होत. गणित, ते म्हणाले. कुठल्या इयत्तेचं, कारकुनाने विचारलं. बसवंतरावांनी विचार करून सांगितलं, वरच्या. कारकुनाने त्या कानांकडे बराच वेळ पाहिलं आणि शेवटी दप्तरात नोंद केली : "इंग्रजी चोपडे एक. काळे-पांढरे ठिपके. आक्षेपार्ह नाही असे सदर इसमाचे म्हणणे." खाली सही घेतली. आपल्या घरातल्या सगळ्यात खाजगी गोष्टीची एका संस्थानात सरकारी नोंद झाली हे शालूला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. तिला ठाऊक नव्हतं की गुप्ततेच्या दृष्टीने नाका ही त्यातल्या त्यात बरी जागा होती.

कारण आता तारखा हव्या होत्या, आणि तारखा शालूकडे नव्हत्या.

एरवी ती सगळं लिहून ठेवणारी बाई. थोरली पहिल्यांदा उभी राहिली तो दिवस, धाकट्याचा ताप सकाळी किती संध्याकाळी किती, कुठल्या दिवशी कोण शिंकलं, सगळं वहीत. ही एक गोष्ट तिने लिहिली नव्हती, कारण ती लिहावी लागत नसे. त्या घरात बाई बाहेरची झाली की मागच्या सोप्यातल्या कोपऱ्यात घोंगडीवर चार दिवस बसायची. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. चुलीला, देवाला, माणसाला शिवायचं नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन ती परत माणसांत. म्हणजे शालूच्या तारखा तिच्याखेरीज सगळ्यांनी लक्षात ठेवल्या होत्या. त्या चार दिवसांत तिचं काम ज्याच्या ज्याच्या अंगावर पडलं, त्याला ते विसरणं शक्यच नव्हतं.

तिने भीतभीत सासूबाईंना सांगितलं, डॉक्टरीणबाई टॉनिक देणार आहेत, त्यासाठी वर्षभराच्या तारखा हव्यात. अंबुबाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग मागच्या दारात जाऊन शेजारच्या मनुबाईला हाक मारली.

मनुबाई म्हणजे विणकराच्या घरची बाई. सात पोरांची आई. तिच्या घरात दिवसभर माग खडखडायचा आणि तिच्या हातात दिवसभर सुताच्या कांड्या. ती कांड्यांसकट येऊन उंबऱ्याशी बसली आणि गल्लीचा इतिहास उलगडू लागली. आखाडात अष्टमीला शालू बसली होती, कारण त्या दिवशी मनुबाईने स्वतः तिला कांदाभजी वरून टाकली होती. कोजागरीचं दूध शालू प्याली होती आणि तिसऱ्या दिवशी बसली, ते मनुबाईला पक्कं आठवत होतं, कारण उरलेलं दूध मनुबाईकडे आलं होतं. पितरांच्या पंधरवड्यात तर ऐन जेवणावळीच्या तोंडावर. यावर अंबुबाई म्हणाल्या, तृतीया. मनुबाई म्हणाली, चौथ. वाद वाढला. तेवढ्यात दूध घालायला आलेला भरमू गवळी दारातूनच अंबुबाईंकडे बोट दाखवून शालूला म्हणाला, तीजच हुती वैनी, त्या दिशी भांडं आक्कांनी पुढं केलतं, तुम्ही न्हाय. आणि मापं घालून निघून गेला.

शालू भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. तिने कॉलेजात वादविवाद स्पर्धेत बक्षीस घेतलं होतं. विषय होता, स्त्रीला स्वतंत्र अस्तित्व आहे काय. ती होकारार्थी बोलली होती.

आतल्या खोलीत बसवंतराव अर्धवट लोटलेल्या दाराआड वह्या तपासत असल्याचं दाखवून प्रत्येक तिथी टिपून घेत होते. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी तक्ता केला आणि तक्ता पाहून ते जेवले नाहीत. एक फेरा उणे एक दिवसाचा निघाला होता. श्रावणात वद्य षष्ठीला पाळी आली होती आणि त्यानंतरची पाळी तिच्या आदल्या दिवशी, वद्य पंचमीला. त्यांनी तीनदा ताळा पाहिला. शेवटी न राहवून त्यांनी आईला, विषय आपला नाहीच अशा सुरात, विचारलं की श्रावणात असं कसं गं झालं.

"कुठल्या सरावनात?" अंबुबाई म्हणाल्या. "गुदस्ता सरावन दोन हुतं. धोंड्याचा म्हैना इसरलास व्हय? जावयाला अनारसं माझ्या हातचं नेऊन दिलंस की रं बोरगावला."

अधिक महिना. इंग्रजी चोपड्यात त्याची सोय नव्हती. आता तिथ्यांच्या तारखा करायला गेल्या सालचं पंचांग हवं झालं, आणि जुनं पंचांग तर पाडव्यालाच घरातून गेलेलं. बसवंतराव जोशीबोवांकडे गेले. जोशीबोवांनी पंचांग दिलं, पण कशाला हवं हे विचारलं, आणि लाल झालेल्या कानांवरून स्वतःच ओळखलं. पाठीवर थाप मारून त्यांनी न विचारता सांगितलं की तिसरं अपत्य मुलगाच हवा असेल तर पाळीपासून दहावी, बारावी आणि चौदावी रात्र उत्तम. बसवंतरावांनी तेही प्रामाणिकपणे टिपून घेतलं. घरी येऊन चोपडं उघडलं तर बाईंच्या मते सर्वात वाईट दिवस तेच. शास्त्र आणि शास्त्र या मुद्द्यावर सहमत आहेत, एवढाच दिलासा.

श्रावण जागेवर आला. आता तक्त्यात तीनच फेरे वेडेवाकडे उरले. एक दहा दिवसांचा, त्याला लागूनचा सतराचा, आणि एक पंचावन्न दिवसांचा. बाकीचे सगळे सत्तावीस ते तीस. बसवंतरावांनी नियमाप्रमाणे वजाबाकी केली. दहातून अठरा गेले, उणे आठ. पंचावन्नातून अकरा गेले, चव्वेचाळीस. म्हणजे धोका पाळी यायच्या आठ दिवस आधी सुरू होऊन पाळी आल्यावर चव्वेचाळीस दिवसांनी संपत होता, आणि त्याआधी पुढची पाळी येऊन नवा धोका सुरू झालेला असायचा. बिनधोक दिवस वर्षात एकही नव्हता.

शालूला मात्र दहा आणि पंचावन्न हे आकडे कुठून आले ते ठाऊक होतं.

दहाचा आकडा रंगपंचमीचा. नणंदेच्या सासरची चौदा माणसं बोरगावहून पाच दिवसांसाठी उतरली होती. धाकट्याला गोवराची शंका, थोरलीचा कान दुखतोय, शालू तीन रात्री डोळ्याला डोळा न लावलेली. बैलगाड्या दारात थांबल्या आणि तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, मला शिवू नका. खोटं होतं ते. मग चार दिवस ती कोपऱ्यात घोंगडीवर ढाराढूर झोपली आणि चौदा पाहुण्यांचा रांधा अंबुबाईंनी एकटीने काढला. पंचावन्नाचा आकडा त्याहून वाईट. मार्गशीर्षात यल्लम्माच्या पुनवेला अंबुबाई हिवतापाने फणफणल्या होत्या. देवीचा नैवेद्य करायला दुसरं कुणी नव्हतं. पुनवेच्या आदल्या दिवशीच शालूला बाहेरची व्हायची वेळ आली, आणि ती झालीच नाही. म्हणजे झाली, पण कुणाला सांगितलं नाही. तशाच अंगाने तिने पुरण शिजवलं, पोळ्या केल्या, देवीपुढे पान वाढलं. बसवंतरावांनी त्या दिवशी सहा पोळ्या खाल्ल्या होत्या आणि आज प्रसादाला काय चव आहे म्हणाले होते. आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

ती गप्प राहिली, आणि गप्प राहिल्याने जे होतं तेच झालं. दोन दिवस कुढून बसवंतरावांनी पुन्हा आईलाच विचारलं : दहा आणि पंचावन्न, असं कसं?

अंबुबाई घाबरल्या. त्यांनी मनुबाईला सांगितलं, मनुबाई घाबरली, आणि मनुबाई घाबरली की गल्ली घाबरत असे. सुनेच्या अंगात काहीतरी बिघाड आहे असं ठरलं. मग उपाय येऊ लागले. एकीने शतावरीचा पाला आणला, दुसरीने कसल्याशा सालीचा काढा. तो इतका कडू होता की कुत्र्याने हुंगून रस्ता बदलला. सांबऱ्याहून अंगारा आला. लोंढ्याला एक वैद्य आहे, तो नाडी न धरता नुसतं बाईचं कुंकू बघून सांगतो, असं एकजण म्हणाली, आणि बसवंतराव लोंढ्याच्या गाडीची वेळही विचारून आले. गरम पडलंय म्हणून शालूला सब्जाचं पाणी मिळायचं, आणि थंड पडलंय म्हणून त्यावर सुंठ. ती मुकाट्याने पीत होती. हे आपल्या खोटेपणाचं प्रायश्चित्त, असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि ते कडूपणापुरतं भागलं असतं तर ती सुटली असती.

पण एका सकाळी तिने पाहिलं, अंबुबाई अनवाणी गल्लीच्या टोकापर्यंत जातात आणि परत येतात. पुन्हा जातात, परत येतात. येताना भिंत धरतात. विचारलं तर मनुबाईने सांगितलं : आक्कांनी नवस बोललाय. सुनेचं ठीक होऊ दे, येत्या पुनवेला यल्लम्माच्या डोंगराला अनवाणी चालत येते. तीन दिवसांची वाट. सवय करतायत.

अंबुबाईंच्या गुडघ्यांना जिना चढवत नसे.

त्या दुपारी पोरं निजली होती, शेजारचा माग जेवणापुरता थांबला होता. अंबुबाई सुपात जोंधळे निवडत होत्या. शालू समोर जाऊन बसली. आधी रंगपंचमीचं सांगितलं, कारण ते सोपं होतं. अंबुबाईंचं सूप थांबलं नाही. ते त्यांना ठाऊकच होतं. बाहेरची बाई चार दिवस कण्हते, पाठ धरते, त्या म्हणाल्या. अशी घोरत नाही. मग का बोलला नाहीत, शालूने विचारलं. कशाला बोलायचं, झोप पायजे हुती तुला.

मग शालूने पुनवेचं सांगितलं.

सूप थांबलं. अंबुबाई उठल्या, देवघरापाशी गेल्या आणि देवीच्या मुखवट्यापुढे पाठमोऱ्या बसल्या. बराच वेळ बसल्या. शालूला वाटलं, आता माहेरी निरोप जाणार. तिने मनातल्या मनात पोरांचे कपडेही भरायला घेतले. थोरलीचा लाल परकर वाळत होता, तो राहून जाईल असंही तिला वाटून गेलं.

अंबुबाई परत आल्या त्या आपल्या जागी बसून पुन्हा निवडू लागल्या.

"ती बी बाईच हाय," त्या म्हणाल्या. "तू केलं नसतंस तर त्या दिशी उपाशी ऱ्हायली असती. मी निजून हुते, तिला कुणी वाढलं असतं?" आणि जरा थांबून, "आता खरं सांग. टॉनिकासाठनं बारा म्हैन्याचं कशाला लागतंय गं?"

शालूने सांगितलं. व्हरांड्यातलं वाक्य सांगितलं, तीन वर्षं सांगितली, वजाबाकी सांगितली. शेवटी थोरलीच्या वेणीचंही सांगितलं.

अंबुबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"मला सहा झाली, तीन ऱ्हायली," त्या म्हणाल्या. "बसवंताच्या पाठीवर सातवं नको झालं मला. सांगायचं कुणाला? मग मी म्हैन्यातनं दोनदा बसाय लागले. एक खरं, एक खोटं. तुझं मामंजी कचेरीत नाझर, सगळ्या तालुक्याचं दप्तर त्यांच्या हाताखाली. पर ह्यो ताळा त्यांनी कधी घेतला न्हाय. लोक म्हणाले देवीची मर्जी. मी बी म्हणाले, देवीची मर्जी."

मग अंबुबाईंच्या पोटात आधी हसू हललं, मग खांदे हलले, आणि सुपातले जोंधळे सांडले.

खोटे आकडे गेल्यावर वजाबाकी सरळ आली. सत्तावीसातून अठरा नऊ, तिसातून अकरा एकोणीस. नऊ ते एकोणीस धोक्याचे. ते ऐकून अंबुबाईंनी निकाल दिला. तुमचं गणित बरोबर असेल, पण गणित कागदावर राहतं आणि माणसं एका खोलीत राहतात. त्यासाठी कोपऱ्यातली घोंगडीच बरी. नवव्या दिवशी बाहेरची म्हणून बसायचं, विसाव्या दिवशी न्हायचं. शालूने विचारलं, मग अकरा दिवस चुलीचं काय. अंबुबाईंनी मुलाला हाक मारली.

"भाजी-कोरड्यास मी करीन, पोरं मी बघीन," त्या म्हणाल्या. "भाकरी तू थापायची. मूल नको हे एकटीचं काम न्हवं."

बसवंतरावांचे कान लाल झाले, पण ते खोटं बोलत नव्हते. ते चुलीपुढे बसले होते. पहिल्या दिवशी त्यांनी भाकरीचा परीघ बरोबर आणला आणि जाडी विसरले. चौथ्या दिवशी भाकरी फुगली, तेव्हा त्यांनी ती थोरलीला दाखवली, धाकट्याला दाखवली, आणि दुरूनच शालूलाही दाखवली. शाळेत मुलांनी फळ्यावर लिहिणाऱ्या सरांच्या मनगटाला लागलेलं पीठ पाहिलं आणि तो खडू असल्याचं मानून घेतलं. नाक्यावरचा कारकून मात्र बोटांवरचे चटके पाहून पुन्हा दप्तर उघडू लागला होता.

गल्लीने दुसरं बसणं पाहिलं आणि औषधं दुप्पट केली. मनुबाई रोज येऊन चौकशी करायची. सातव्या दिवशी ती चौकशी न करता नुसतीच बसली, कांड्या भरत राहिली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "शालू, तुझं दुखणं लई येळेवर येतंय गं." मनुबाईने सूत तोडलं. "माझं बी आठवून देऊ काय तुझ्या मालकास्नी? सगळ्या तिथ्या पाठ हाईत." शालूने तिला एवढंच समजावलं की माझे दिवस तुम्हाला चालायचे नाहीत, तुमची वजाबाकी वेगळी करावी लागेल. त्यानंतर काढे येणं बंद झालं, ते कसं बंद झालं याची कुणी चौकशी केली नाही.

विसाव्या दिवशी शालू न्हाली आणि तिने चूल हातात घेतली. पोरं आजीपाशीच झोपली. चोपड्याप्रमाणे आता सगळं बिनधोक होतं, आणि शालूला त्या आठवड्यात पुष्कळ दिवसांनी हसू आलं. अठ्ठाविसावा दिवस आला आणि गेला. एकोणतिसावा गेला. तिसाव्या दिवशी तिने बसवंतरावांना काही विचारलं नाही आणि त्यांनी तिला काही विचारलं नाही. दोघांनाही मोजता येत होतं. तक्त्यात तिसाच्या पुढे काही नव्हतं. एकतिसाव्या दिवशी तिने थोरलीची वेणी दोनदा घातली. एकदा घालून सोडली आणि परत घातली. थोरली कंटाळून म्हणाली, आई, सोड की आता. मनुबाई सकाळपासून तीनदा मीठ मागायला येऊन गेली आणि तिन्ही वेळा मीठ न घेता गेली. अंबुबाईंचा देवघरातला मुक्काम वाढला.

बत्तिसाव्या दिवशी सकाळी अंबुबाई नुकत्याच न्हाऊन, ओल्या केसांना पंचा गुंडाळून देवाकडे निघाल्या होत्या. शालू मागच्या सोप्याच्या दारात उभी राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मला शिवू नका."

अंबुबाई थांबल्या. तिच्या तोंडाकडे त्यांनी नीट पाहिलं. खरं-खोटं ओळखायचा त्यांचा जुना अभ्यास होता. मग चार पावलं पुढे येऊन त्यांनी सुनेचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि आपल्या धुतलेल्या लुगड्यावर गच्च दाबलं. शालू रडत होती. आपल्या पाठीवर अंबुबाईंचा तळवा वरखाली फिरतोय, एवढंच तिला कळत होतं. त्या घरात बाहेरच्या बाईला असं कुणी कधी धरलं नव्हतं.

मग अंबुबाईंनी तिला सोडलं, नाक पुसलं, आणि स्वैपाकघराकडे तोंड करून मुलाला हाक मारली.

"बसवंता, न्हाणीत पाणी आण रं. मला परत आंगूळ कराय पायजे."

"आत्ताच तर झाली की तुझी," बसवंतराव आतून म्हणाले.

"झालती. तुझ्या गणितानं परत कराय लावली."

आत बादलीची कडी वाजली. मग बसवंतराव बादली घेऊन धावतच बाहेर आले, न्हाणीत शिरले, आणि घंगाळात त्यांनी ती अख्खी बादली पालथी केली. तिच्यात पाणी नव्हतं.